नंतर उघडायची ओळ

प्रिंटरमधून पहिलं पान बाहेर आलं, तेव्हा राजशेखर अप्पांनी आधी मंजुषाच्या टेबलाकडे पाहिलं आणि मग पानाकडे. आलेखातल्या रेषा जागच्या जागी होत्या, पण मुलांची नावं गायब होती. जिथं नाव हवं तिथं रिकामे चौकोन ओळीनं बसले होते. उजव्या कोपऱ्यात खाली अप्पा आपली खूण म्हणून बारीक 'रा.' छापत असत, त्याचेही दोन चौकोन झाले होते.

"कुणी हात लावला होता का कॉम्प्युटरला?" त्यांनी विचारलं.

मंजुषा रविवारच्या परीक्षेचे गुण भरत होती. मान वर न करता तिनं सांगितलं, की शनिवारी कॉम्प्युटरवाला नवीन मशीन बसवून गेला, ते अप्पांच्या समोरच. अप्पांना ते माहीत होतं. पण एखादी गोष्ट माहीत आहे म्हणून तिच्यावर विश्वास ठेवायचा, असा काही त्यांचा नियम नव्हता.

लातुरात क्लासला तोटा नाही. डॉक्टर होण्यासाठी कुठकुठल्या तालुक्यांतून पोरं इथं येतात, खोल्या करून राहतात आणि दर रविवारी परीक्षा देतात. अप्पांच्या क्लासची पद्धत अशी, की एका खोलीत राहणाऱ्या पोरांचा मिळून एक आलेख काढायचा. चार पोरं असली तर चार रेषा. सोमवारी तो पालकांच्या ग्रुपवर जायचा आणि फाटकाजवळच्या फळ्यावरही लागायचा. हे काम अप्पांचं. पहिली कित्येक वर्षं त्यांनी ते आलेखाच्या कागदावर रंगीत पेनांनी केलं. मग पोरांची संख्या हाताबाहेर गेली आणि अप्पांनी पंचेचाळिशीत, मोबाईलवरचे व्हिडिओ बघून, कॉम्प्युटरला आलेख काढायला लावायचं शिकून घेतलं. त्यासाठी तयार लायब्ररी मिळते. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला आयता मालमसाला. आपण वरून चार ओळी लिहायच्या आणि रेषा ती काढते. अप्पांना तिचा अभिमान होता, आणि अर्थात संशयही होता. ती मराठी वेलांट्या भलतीकडेच टाकायची. रंग आपल्या मनानं वाटायची. पहिल्याला निळा, दुसऱ्याला नारिंगी, तिसऱ्याला हिरवा, चौथ्याला लाल. कुणी सांगितलं होतं तिला?

अप्पांचा स्वभाव साऱ्या गल्लीला ठाऊक होता. सिद्धेश्वराच्या देवळात जाताना ते एक चप्पल या कोपऱ्यात आणि दुसरी त्या कोपऱ्यात काढत. घराला कुलूप लावल्यावर ते दोनदा ओढून बघत आणि पोस्टापर्यंत जाऊन तिसऱ्यांदा ओढायला परत येत. त्यांची आई नीलम्मा मूळची उदगीरकडची, तोंडाची फटकळ. ती आल्यागेल्याला सांगायची, "ह्याच्या मागं ह्याची सावली आली, तरी हा तिला नाव-गाव इचारंल."

मंजुषा क्लासमध्ये येऊन सहा-सात महिने झाले होते. औशाची, लग्न न झालेली, कामाला वाघ. पण ती क्लासचे मालक वीरेश सर यांच्या बायकोच्या नात्यातली निघाली आणि तिथंच अप्पांच्या मनात पाल चुकचुकली. पुढं एकदा तिनं सहज म्हटलं, "अप्पा, हे आलेख कसे काढता, मला पण शिकवा की." त्या दिवसापासून अप्पांची खात्री झाली, की कुठंतरी पाणी मुरतंय. आज शिकून घेईल आणि उद्या वीरेश सर म्हणतील, अप्पा, आता तुम्ही आराम करा. त्या भीतीपोटी अप्पांनी आपल्या कॉम्प्युटरचा पडदा भिंतीकडे तिरका फिरवला होता. तिला दिसू नये म्हणून. त्यामुळे स्वतः अप्पांनाही मान वाकडी करूनच बसावं लागे, ही गोष्ट वेगळी.

त्या सोमवारीही ते तसेच बसले. बिघाड शोधायची त्यांची एक पद्धत होती. एकेक ओळ बंद करत जायची. ओळीच्या तोंडाशी एक चिन्ह टाकलं की कॉम्प्युटर ती ओळ वाचतच नाही, ओलांडून पुढं जातो. असं करत गेलं की नेमकी खोड कुठल्या ओळीत आहे ते सापडतं. आणि अप्पा शिस्तीचे; बंद केलेल्या प्रत्येक ओळीपुढं ते लिहून ठेवत : 'नंतर उघडणे.'

चौकोनांचं कारण तासाभरात सापडलं. नव्या मशीनमध्ये मराठी अक्षरांचा साचा, म्हणजे फॉन्टच नव्हता. अप्पांनी तो आणून टाकला, वर अक्षरं जरा मोठीही केली. नावं आली. आधी तिघी, मग ऋतुजा, मग पुढच्या खोलीतली पोरं. अप्पांना हायसं वाटलं. एवढ्यात मंजुषा चहाला उठली आणि त्यांच्या खुर्चीमागून जायला निघाली. अप्पांनी घाईघाईनं काम उरकलं, बंद केलेल्या ओळी दिसल्या तशा भराभर उघडल्या आणि आलेख ग्रुपवर पाठवून दिले. नावं नीट आली आहेत एवढंच त्यांनी पाहिलं. चौकोन गेले होते. बाकी बघायला मान सरळ असावी लागते.

दोन दिवस काहीच झालं नाही. ज्यांच्या पोरांच्या रेषा आभाळाला भिडल्या होत्या, त्यांनी ग्रुपवर अंगठे आणि हात जोडलेली चित्रं पाठवली. ज्यांच्या पडल्या होत्या, त्यांनी क्लासला काही विचारलं नाही; त्यांनी आपापल्या पोरांना फोन केले.

ऋतुजाचा बाप ग्यानोबा फोन करून थांबणारा माणूस नव्हता. बुधवारी दुपारी तो नांदेडकडच्या उमरीहून थेट ऑफिसात आला. धोतर-टोपी नव्हे, पँट आणि पांढरा सदरा, खिशात मोठा फोन. घरची बारमाही पाण्याची जमीन, हळद आणि सोयाबीन करणारा शेतकरी. त्याच्या मागं ऋतुजा उभी होती. तिच्या हातात खोलीतली पिशवी भरलेली होती, म्हणजे तिला घेऊन जायचं ठरवूनच तो आला होता.

वीरेश सर पुण्याला गेले होते. अप्पांनी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही. त्यानं फोन काढून आलेख त्यांच्यापुढं धरला.

"ही लाल माझ्या पोरीची ना?"

अप्पांनी नावांच्या यादीत बघितलं. चौथं नाव ऋतुजा, म्हणून लाल. "हो."

"कुठं चालली ती?"

ती रेषा कड्यावरून उडी टाकल्यासारखी पानाच्या तळाशी गेली होती. बाकीच्या तिघी वर होत्या. अप्पाही चमकले. त्यांनी मंजुषाला गुण विचारले. तिनं यादी बघून सांगितलं, "आधीच्या परीक्षेत सहाशे बारा होते. या वेळी सहाशे चार."

"आठच मार्क कमी हायत, बाबा," ऋतुजा म्हणाली. "मी कवाची सांगून राहिले."

"तू गप." ग्यानोबानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "थोडं कमी झालंय म्हणते. हे थोडं हाय? आमी रोज मोंढ्यातले सोयाबीनचे भाव बघतो फोनवर, सर. लाल रेघ खाली गेली म्हंजी काय होतंय ते आमाला शिकवू नका. उमरीच्या स्टेशनवर च्या पीत बसलो व्हतो. आमच्या व्यंकटीमामानं कुनीतरी धाडलेलं चित्र चार लोकांत दाखविलं अन् म्हणला, पोरीचा भाव पडला."

मग त्यानं जे सांगितलं ते थोडक्यात असं, की पोरगी वाया चालली आहे हे गावाला कळलं आणि बापाला शेवटी. एवढ्या उंचावरून पोर खाली येते ती उगीच येत नाही. फोन असेल, नाहीतर कुणी पोरगा असेल. आठ मार्क हे क्लासवाल्यांनी झाकायला सांगितलेलं. मुदखेडचं एक स्थळ चालून आलं होतं, त्यांना तो पोरीच्या शिक्षणासाठी नाही म्हणत होता. आता कशासाठी नाही म्हणायचं? डॉक्टरकीची मोठी परीक्षा तोंडावर आली होती. मे महिन्यात ती झाली असती आणि दोन वर्षांचा अभ्यास कामी आला असता. ऋतुजा पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

अप्पांनी इथं दोन मिनिटं शांत राहून आलेखाकडे पाहिलं असतं, तर सगळं तिथंच मिटलं असतं. डाव्या बाजूला आकडे असतात, ते कुठं गेले एवढं जरी मनात आलं असतं तरी पुरे होतं. अक्षर मोठं केल्यामुळे ते आकडे पानाबाहेर कापले गेले होते. पण अप्पांच्या डोक्यात दुसरंच चालू झालं. आठ गुणांनी रेषा एवढी पडत नाही. माझी रेषा तर पडतच नाही. मग ही पाडली कुणी? सुतावरून स्वर्ग गाठायला त्यांना वेळ लागत नसे. मंजुषाकडे बघत ते मोठ्यानं म्हणाले, "ही रेषा मी काढलेली नाही. यात कुणीतरी हात घातलाय."

मंजुषानं हातातला पेन खाली ठेवला.

"मी गुण भरले. सहाशे बारा आणि सहाशे चार," ती म्हणाली. "दुसरं मला काही माहीत नाही."

ग्यानोबानं तिच्याकडे पाहिलं, अप्पांकडे पाहिलं आणि मान डोलावली. "म्हंजी हितं हात घालत्यात लोकं," तो म्हणाला. "अन् अशा ठिकानी मी पोरगी ठेवू." त्यानं ऋतुजाच्या हातातली पिशवी घेतली. फाटकाशी थांबून तिनं फळ्यावरच्या आपल्या लाल रेषेकडे पाहिलं आणि बापाच्या मागं गेली.

संध्याकाळी मंजुषानं पर्स उचलली आणि अप्पांच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. "अप्पा, उद्या येऊ का नको, तेवढं सांगा."

अप्पा टेबलावरचे कागद सारखे करत राहिले. ती थोडा वेळ थांबली आणि गेली.

ती गेल्याबरोबर अप्पांनी दार लोटलं आणि चोर पकडायला बसले. आता ऑफिसात कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी पडदा सरळ केला. कितीतरी महिन्यांनी त्यांनी आपलं लिखाण समोरून पाहिलं. वरून खाली एकेक ओळ ते वाचत गेले. मध्ये एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. उभी पट्टी शून्यापासून सातशे वीसपर्यंत, म्हणजे परीक्षेच्या एकूण गुणांपर्यंत धरायची, असं लायब्ररीला सांगणारी ती ओळ होती. हाताच्या कागदावर ते जसं काढत, तसंच ते लायब्ररीकडून करून घेत. ती ओळ बंद होती. तिच्या तोंडाशी चिन्ह होतं आणि पुढं लिहिलं होतं : 'नंतर उघडणे.'

असं दुसरं कुणी लिहीत नव्हतं.

ओळ बंद म्हटल्यावर लायब्ररीनं आपल्या मनानं पट्टी धरली होती. त्या खोलीतल्या सगळ्या पोरी सहाशे ते सहाशे पंधराच्या मधल्या, म्हणून तिनं पट्टी सहाशेपासून तेवढीच धरली. मग सहाशे चार म्हणजे तळच. रेषा खोटी नव्हती. लायब्ररीनं खोटं काही काढलं नव्हतं. तिनं फक्त डोळ्याजवळ नेऊन दाखवलं होतं. अप्पांनी ओळ उघडली, डावीकडची जागा वाढवली आणि पुन्हा आलेख काढला. चारही रेषा पानाच्या वरच्या अंगाला एकमेकींना लागून चालल्या होत्या. लाल रेषा शेवटी किंचित वाकली होती, रस्त्यावरच्या खड्ड्यातून सायकल जावी इतकी.

साप साप म्हणून भुई धोपटत होतो, असं अप्पांना वाटलं आणि मग मंजुषाचा चेहरा आठवला. त्यांना लाज वाटली. इतकी वर्षं ते लोकांवर पाळत ठेवून होते आणि एका माणसावर ठेवायची राहून गेली होती.

दुसऱ्या दिवशी ते क्लासला गेले नाहीत. नवा आलेख मोठ्या पाकिटात घालून पहाटेच्या बसनं नांदेडला गेले आणि तिथून उमरीची गाडी धरली. पाकीट त्यांनी शर्टाच्या आत ठेवलं. मुदखेडला गाडी बराच वेळ थांबली, तेव्हा शेजारचा माणूस आपल्या छातीकडे का बघतो म्हणून त्यांनी जागा बदलली. सवय एका रात्रीत जात नाही.

ग्यानोबाच्या अंगणात हळद शिजवायचं काम चाललं होतं. ओली माती आणि हळद यांचा कडवट वास सगळ्या गल्लीत भरला होता. ग्यानोबाचे हात मनगटापर्यंत पिवळे झाले होते. त्यानं अप्पांना बघून तोंडावर नाराजी दाखवली नाही, पोरीला पाणी आणायला सांगितलं आणि बाजेवर बसवलं. व्यंकटीमामा आधीच बाजेवर होते. मुदखेडचं स्थळ त्यांनीच आणलेलं.

अप्पांनी पाकीट उघडून नवा आलेख दिला. ग्यानोबानं हात पुसले, कागद घेतला, मग फोनमधला जुना काढून शेजारी धरला. व्यंकटीमामांनीही मान पुढं केली.

"खरी कुठली? कालची का आजची?"

"दोन्ही खऱ्या आहेत. पण बघायची ती आजची." अप्पांनी पट्टी शून्यापासून आणि सहाशेपासून धरल्यानं काय होतं ते समजावून सांगितलं. गावच्या टाकीचं पाणी आणि घरच्या लोट्याचं पाणी असा काहीतरी दाखलाही दिला. ग्यानोबानं सगळं नीट ऐकून घेतलं.

"कालची कुणी काढली व्हती?"

"मीच."

"अन् ही?"

"मीच."

"मंग तुमच्याच हातातलं हाय की सर. वर म्हणलं की वर, खाली म्हणलं की खाली." त्यानं कागद बाजेवर ठेवला. तो रागावला नव्हता, आणि तेच अप्पांना जड गेलं. "आज पोरगी परत पायजे म्हणून वर घेतली. उद्या काय कराल?"

चुकीचा आलेख त्या माणसानं डोळे झाकून मानला होता आणि बरोबर आलेखावर त्याला शंका येत होती. ही चाल अप्पांच्या ओळखीची होती. ते असते तर त्यांनीही हेच विचारलं असतं.

"आन मला एक सांगा," ग्यानोबा म्हणाला. "काल तुमी म्हणला, ह्याच्यात कुणीतरी हात घातला. बरोबर हाय का?"

"म्हणालो होतो."

"कोन त्ये? ती बाई का? तिला काढलं का कामावरून?"

"काढलं असंल तर इषयच मिटला," व्यंकटीमामा म्हणाले. "खराब दात उपटला की तोंड मोकळं. आमी उद्याच्या गाडीनं पोरगी आनून सोडतो. मुदखेडवाल्याचं म्या बघतो."

ऋतुजा पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी उभी होती. तिनं अप्पांकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत एवढंच होतं, की काहीही सांगा, पण मला न्या.

एक 'हो' म्हटलं की काम होणार होतं. पोरीचं वर्ष वाचलं असतं. उमरीहून लातूरला चौकशी करायला कोण जाणार होतं? मंजुषाला इथं कुणी ओळखत नव्हतं. तिचं नाव उमरीच्या अंगणात बिघडलं तरी औशाला त्याची खबर गेली नसती. उलट अप्पांचा शब्द राहिला असता आणि काल ते भलतं बोलले असं कुणी म्हटलं नसतं. लबाडी किती सोयीची असते हे अप्पांना त्या दिवशी कळलं. आयुष्यभर ते ती दुसऱ्यांत शोधत आले होते, आणि आता ती त्यांच्याच जिभेवर येऊन बसली होती. पण 'उद्या येऊ का नको' हा प्रश्न तिथंच बाजेवर त्यांच्या शेजारी बसलेला होता.

"कुणी हात घातला नाही," ते म्हणाले. "बिघाड शोधताना ती ओळ मीच बंद केली आणि उघडायची विसरलो. त्या बाईंचा काही संबंध नाही. मी उगीच त्यांच्यावर आळ घेतला."

व्यंकटीमामा मांडीवर थाप मारून हसले. "घ्या. मास्तरच कच्चा निघाला."

ग्यानोबा हसला नाही. तो बराच वेळ नखातली हळद काढत बसला. मग त्यानं ऋतुजाला जवळ बोलावलं आणि विचारलं, "ती बाई कशी हाय?"

"चांगली हाय. मार्क जेवढे तेवढेच सांगती."

"हाव," ग्यानोबा म्हणाला. "म्या बी त्योच इचार करून राहिलो. काल बी ती सहाशे बारा अन् सहाशे चार म्हणली, आज ह्या कागदावर बी तेच हाय. पोरगी बी तेच सांगत व्हती. बदललं ते तुमचंच, सर." तो अप्पांकडे वळला. "तुमी खरं बोलला, त्याचा मान ठेवतो. पोरगी पाठवतो. पन माझ्या पोरीचं चित्र ह्याच्यापुढं तुमी काढायचं न्हाई. त्या बाईनं काढावं. कबूल असंल तर सांगा, नसंल तर च्या पिऊन जा."

ज्या गोष्टीच्या भीतीनं त्यांनी पडदा भिंतीकडे वळवला होता, ती त्यांच्याकडून एक अनोळखी माणूस उमरीच्या अंगणात मागत होता. एका पोरीचा आलेख वेगळा काढता येत नाही, तो खोलीचा निघतो, खोल्यांचा मिळून क्लासचा निघतो. एक सोडला म्हणजे सगळे सोडले. हे ग्यानोबाला माहीत नव्हतं. अप्पांना माहीत होतं. त्यांनी ऋतुजाकडे पाहिलं. तिनं तांब्या अजून दोन्ही हातांनी धरला होता.

"कबूल," अप्पा म्हणाले. चहा आला, तो त्यांनी एरवीसारखा आधी वास न घेता प्यायला.

सोमवारी मंजुषा परत कामावर आली, तेव्हा अप्पांनी दोन्ही खुर्च्यांची अदलाबदल करून ठेवली होती आणि पडदा खोलीकडे तोंड करून सरळ ठेवला होता. ती दाराशीच थांबली. त्यांनी बरंच काही बोलायचं ठरवलं होतं, पण तोंडातून एवढंच आलं, "चूक माझी होती."

"कळलं मला," ती म्हणाली. "ऋतुजाचा फोन आला होता." तिनं पर्स ठेवली आणि दाखवलेल्या खुर्चीवर बसली. तिनं माफ केलं की नाही, ते अप्पांना कळलं नाही. विचारायचा आपल्याला हक्क आहे असंही त्यांना वाटलं नाही.

दुपारपर्यंत त्यांनी तिला सगळं शिकवलं. चौकोन आले तर काय समजायचं, आकडे कडेला कापले गेले तर जागा कशी वाढवायची, चौथा रंग लाल येतो तो कसा बदलायचा. तिनं तो लगेच बदलून जांभळा केला. इतक्या वर्षांत हे आपल्याला का सुचलं नाही, असा विचार अप्पांच्या मनात आला आणि गेला. शून्यापासून सातशे वीसच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. "हिला कधी हात लावायचा नाही."

अगदी तळाशी एक छोटी ओळ होती. मंजुषानं विचारलं, "आणि ही कशाची?"

"कोपऱ्यातल्या 'रा.'ची. ज्यानं आलेख काढला त्याची खूण."

"मग राहू द्या की, अप्पा."

अप्पा पुढं वाकले आणि त्या ओळीच्या तोंडाशी त्यांनी चिन्ह टाकलं. सवयीनं बोटं पुढचे शब्द लिहायला गेली. 'नंतर' एवढं लिहून झालंही. मग त्यांनी ते एकेक अक्षर करून पुसलं.

प्रिंटर घरघरला. मंजुषानं पहिलं पान काढून त्यांच्यापुढं धरलं आणि ग्रुपवर टाकण्याआधी एकदा बघून घ्या म्हणाली. अप्पा तिच्या जुन्या टेबलाशी जाऊन बसले होते. त्यांनी गुणांची यादी पुढं ओढली, चष्मा लावला आणि पानाकडे न बघता म्हणाले, "पाठवा. बरोबरच असंल."